पंप सुरू झाला की बोर्ड रिसेट होतो: शेवटच्या वर्षाच्या प्रोजेक्टला मदत करताना

शेवटच्या वर्षाचे विद्यार्थी इलेक्ट्रॉनिक्सच्या प्रोजेक्टसाठी मदत मागायला येतात, तेव्हा पहिलं वाक्य बहुतेक वेळा एकच असतं: "कोड बरोबर आहे, पण चालत नाही." सोबत ब्रेडबोर्डचा फोटो असतो आणि त्यात एकमेकींत गुंतलेल्या तीस-चाळीस जंपर वायरी. त्या फोटोवरून कुणालाच काही सांगता येत नाही. मग आम्ही पहिलं काम देतो ते कागद-पेन्सिलीचं. समोर जे जोडलंय त्याची सर्किट आकृती हाताने काढा. इंटरनेटवरून उतरवलेली नको, समोरची वायर बोटाने धरून काढलेली हवी. दर तीन-चार गटांमागे एका गटाची चूक ही आकृती काढतानाच सापडते. कुठे ग्राउंड जोडलेलाच नसतो, कुठे ब्रेडबोर्डच्या कडेची पट्टी मध्यावर तुटलेली असते आणि पुढच्या अर्ध्या भागाला सप्लाय पोचतच नाही.

दुसरं काम मल्टिमीटरचं. पाच ठिकाणचा व्होल्टेज मोजून लिहायचा: ट्रान्सफॉर्मरचा एसी, फिल्टर कपॅसिटरवरचा डीसी, रेग्युलेटरचा आउटपुट, मायक्रोकंट्रोलरच्या अगदी पायांवरचा पुरवठा आणि मॉड्यूलच्या पायांवरचा पुरवठा. प्रत्येक ठिकाणी दोन आकडे घ्यायचे, एक सगळं शांत असताना आणि एक लोड चालू असताना. ही दहा आकड्यांची यादी हातात असली की मदत करणाऱ्याचं निम्मं काम झालेलं असतं. शेवटचा बदल कोणता केला, त्याआधी काय चालत होतं, हेही सोबत लिहावं. "काल चालत होतं" या वाक्यातलं "काल" कधी होतं आणि त्यानंतर कशाला हात लागला, हे समजल्याशिवाय पुढे जाता येत नाही.

इथे उदाहरणासाठी एकच प्रोजेक्ट घेतो, कारण तो पुन्हा पुन्हा समोर येतो आणि त्यात जवळपास सगळे नेहमीचे दोष भेटतात: मातीतला ओलावा मोजून पंप चालू-बंद करणं आणि मोबाइलवर एसएमएस पाठवणं. एटीमेगा ३२८पी हा मायक्रोकंट्रोलर किंवा त्यावरचा आर्डुइनो उनो बोर्ड, ओलाव्याचा सेन्सर, १६ बाय २ चा एलसीडी, ५ व्होल्टचा रिले (विजेने चालणारा स्विच), छोटा डीसी पंप आणि सिम८००एल हे जीएसएम मॉड्यूल. विषय जुना आहे म्हणून गाईड नाक मुरडतात. आमचं मत वेगळं आहे. विषय जुना असायला हरकत नाही, मोजमाप नवं आणि स्वतःचं हवं. सिनॉप्सिसमध्ये "स्मार्ट", "आयओटी", "एआय" असे शब्द रचून, शेवटी एक एलईडी लावून दाखवण्यापेक्षा, एका सेन्सरचा स्वतः काढलेला कॅलिब्रेशनचा आलेख कितीतरी मोलाचा.

विषय ठरवताना एक गोष्ट मात्र आधीच तपासावी. सिम८००एल फक्त टूजी नेटवर्कवर चालतं. अनेक देशांत टूजी बंद झालंय किंवा होतंय, आणि काही कंपन्यांच्या सिमवर ते मिळतच नाही. मॉड्यूल विकत घ्यायच्या आधी ज्या कंपनीचं सिम वापरणार तिची टूजी सेवा त्या जागी आहे का, हे बघा. नसेल तर फोरजी मॉड्यूल किंवा वायफाय असलेला ईएसपी३२ घ्या. हा निर्णय सहाव्या महिन्यात घ्यावा लागला तर अर्धं सर्किट आणि अर्धा रिपोर्ट बदलावा लागतो.

पॉवर सप्लाय

आता मूळ दुखण्याकडे. पंप चालू झाला की एलसीडीवर विचित्र अक्षरं येतात, बोर्ड पुन्हा पहिल्यापासून सुरू होतो, किंवा एसएमएस जाता जाता सगळं थांबतं. विद्यार्थी कोडमध्ये शोधत बसतात. दोष तिथे दिसतो खरा, पण असतो पुरवठ्यात. म्हणून सप्लायचा हिशेब आम्ही प्रत्येक गटाकडून कागदावर करून घेतो. तो असा.

ट्रान्सफॉर्मर ९ व्होल्ट, १ अँपिअरचा आहे असं धरू. ९ व्होल्ट हे आरएमएस, म्हणजे परिणामकारक मूल्य आहे, त्याचं शिखर ९ गुणिले १.४१४, म्हणजे १२.७ व्होल्ट. ब्रिज रेक्टिफायरमध्ये एका वेळी दोन डायोड चालू असतात, त्यात १.४ व्होल्ट जातात. उरले ११.३ व्होल्ट. कपॅसिटरवरचा रिपल, म्हणजे व्होल्टेजचा चढ-उतार, काढायचा तर करंटला, फ्रिक्वेन्सीच्या दुप्पट गुणिले कपॅसिटन्सने भागायचं. ५० हर्ट्झच्या मेन्सवर (घरातल्या विजेवर) फ्रिक्वेन्सीची दुप्पट १०० येते. करंट ०.५ अँपिअर आणि कपॅसिटर १००० मायक्रोफॅरड असेल तर रिपल ५ व्होल्ट. म्हणजे प्रत्येक अर्ध्या चक्राच्या शेवटी व्होल्टेज ६.३ पर्यंत उतरतो. ७८०५ या ५ व्होल्टच्या रेग्युलेटरला इनपुटवर आउटपुटपेक्षा निदान २ व्होल्ट जास्त लागतात, म्हणजे ७ व्होल्ट. तेवढे नाहीत. आउटपुट दर १० मिलिसेकंदांनी किंचित खचतो आणि मल्टिमीटर त्याची सरासरी दाखवून "४.९ व्होल्ट, सगळं ठीक" असं सांगतो.

हे सूत्र रिपल थोडा जास्तच दाखवतं, कारण कपॅसिटर प्रत्यक्षात पूर्ण १० मिलिसेकंद एकटा लोड ओढत नाही. पण मेन्सचा व्होल्टेज दहा टक्क्यांनी कमी झाला तर डायोडनंतरचं शिखर १०.१ व्होल्टवर येतं आणि ही सवलत संपते. म्हणून २२०० मायक्रोफॅरड घ्यावा. त्यावर रिपल सुमारे २.३ व्होल्ट येतो आणि खालची पातळी ९ व्होल्टच्या आसपास राहते. कपॅसिटरचं रेटिंग २५ व्होल्टचं घ्या. छोट्या ट्रान्सफॉर्मरचा लोड नसतानाचा व्होल्टेज छापील आकड्यापेक्षा बराच जास्त असतो, त्यामुळे १६ व्होल्टवाला कपॅसिटर काठावर येतो.

आता उष्णता. इनपुट सरासरी १०.२ व्होल्ट, आउटपुट ५, करंट अर्धा अँपिअर: रेग्युलेटरमध्ये २.६ वॉट जिरतात. टीओ-२२० आकाराच्या ७८०५ चा हीटसिंकशिवायचा उष्णतारोध साधारण ६५ अंश प्रति वॉट. म्हणजे तापमान खोलीपेक्षा १६९ अंशांनी वाढायला हवं. तेवढं वाढण्याआधीच आतलं संरक्षण आउटपुट बंद करतं, चिप थंड झाली की पुन्हा चालू करतं. "दहा मिनिटं चालतं आणि मग बंद पडतं, थोड्या वेळाने आपोआप चालू होतं" या तक्रारीचं हे कारण. १५ अंश प्रति वॉटचा हीटसिंक लावला, तर चिपच्या आतला ५ अंशांचा रोध धरून वाढ ५२ अंशांच्या आसपास राहते. हीटसिंकवर बोट टेकवता येत नाही इतका गरम झाला तर तो लहान आहे असं समजा.

७८०५ च्या पायांना लागून इनपुटवर ०.३३ आणि आउटपुटवर ०.१ मायक्रोफॅरडचा सिरॅमिक कपॅसिटर लावायचा. "चालतं की त्याच्याशिवाय" असं ऐकायला मिळतं. ब्रेडबोर्डवर चालतं, झिरो पीसीबीवर (भोकांच्या तयार बोर्डवर) लांब वायरी आल्या की रेग्युलेटर ऑसिलेट होऊ शकतो. तसंच एटीमेगाच्या ७ आणि २० या दोन्ही पायांवर १०० नॅनोफॅरड वेगवेगळे लावायचे. २० नंबरचा पाय एडीसीसाठीच (व्होल्टेजचा आकडा करणाऱ्या भागासाठीच) आहे म्हणून कित्येक जण तो मोकळा ठेवतात. तसं चालत नाही, तोही ५ व्होल्टला जोडलेलाच हवा. नुसती चिप वापरत असाल तर १६ मेगाहर्ट्झच्या क्रिस्टलला २२ पिकोफॅरडचे दोन कपॅसिटर आणि रिसेटला १० किलोओहमचा पुल-अप लागतो.

पंपाच्या मोटारीची वाइंडिंग एकदा मल्टिमीटरने मोजा. समजा ४ ओहम आली. मोटार फिरायला लागायच्या क्षणी तिच्यात बॅक ईएमएफ (फिरण्याने तयार होणारा उलटा व्होल्टेज) नसतो, म्हणजे ५ व्होल्टवर सव्वा अँपिअरचा झटका. चालू पंप २५० मिलिअँपिअर घेतो असं पाकिटावर लिहिलेलं असलं तरी सुरुवातीचा हा झटका त्याच्या पाचपट आहे. तो त्याच ७८०५ मधून दिला की ५ व्होल्टची रेषा खचते आणि एटीमेगा रिसेट होतो. उपाय एकच आणि तो सुरुवातीलाच करावा: पंपाला स्वतंत्र पुरवठा द्या. ग्राउंड एकत्र करायचा असेल तर तो पुरवठ्याच्या मुळाशी एकाच ठिकाणी जोडा. पंपाचा परतीचा करंट मायक्रोकंट्रोलरच्या ग्राउंड वायरीतून जाऊ देऊ नका. तो तसा गेला की सेन्सरचा आकडाही पंप चालू होताच उडी मारतो.

रिसेट होतंय की कोड अडकलाय हे ओळखायची सोपी रीत आहे. ऑसिलोस्कोप असेल तर ५ व्होल्टच्या रेषेवर प्रोब लावा, ट्रिगर ४.५ व्होल्टला, उतरत्या कडेवर, सिंगल मोडमध्ये ठेवा आणि पंप चालू करा. नसेल तर सेटअप फंक्शनच्या पहिल्या ओळीत "सुरू झालो" असा संदेश सीरियल मॉनिटरवर छापा. पंप चालू होताच तो संदेश पुन्हा आला, तर कोड बघायची गरज नाही. सोल्डरिंग आयर्न तापवा.

जीएसएम मॉड्यूल

सिम८००एल ला ३.४ ते ४.४ व्होल्ट लागतात. विद्यार्थी ते उनोच्या ५ व्होल्टला लावतात तेव्हा व्होल्टेज जास्त होतो, आणि ३.३ व्होल्टला लावतात तेव्हा तो कमीही पडतो आणि करंटही पुरत नाही. हे मॉड्यूल नेटवर्कशी बोलताना दर ४.६१५ मिलिसेकंदांत ५७७ मायक्रोसेकंदांचा झटका मारतं आणि तेवढ्या वेळात करंट २ अँपिअरपर्यंत जातो. मल्टिमीटरला तो कधीच दिसत नाही.

"आम्ही १००० मायक्रोफॅरड लावलाय" असं सांगितलं जातं. हिशेब करून पाहा. २ अँपिअर गुणिले ५७७ मायक्रोसेकंद, भागिले १००० मायक्रोफॅरड: १.१५ व्होल्टची घसरण. ४ व्होल्टवरून २.८५. मॉड्यूल बंद. म्हणजे कपॅसिटर एकटा पुरत नाही, मागचा रेग्युलेटरही तो करंट द्यायला समर्थ हवा. एलएम२५९६ चं बक (व्होल्टेज उतरवणारं) मॉड्यूल घ्या, ते फिल्टर कपॅसिटरवरून सरळ जोडा, आणि सिम८००एल जोडायच्या आधी मल्टिमीटर लावून त्याचा स्क्रू फिरवत आउटपुट ४.० व्होल्टवर आणा. आधी जोडून मग फिरवल्यामुळे जळालेली मॉड्यूल आम्ही पुष्कळ पाहिली आहेत. नव्या बक मॉड्यूलचा आउटपुट कितीवर ठेवून पाठवलाय याचा काही भरवसा नसतो. मॉड्यूलच्या पायांपाशी १००० मायक्रोफॅरड आणि १०० नॅनोफॅरड लावा. वायर जाड आणि आखूड, १० सेंटिमीटरच्या आत. ब्रेडबोर्डच्या जंपर वायरीचा आणि तिच्या दोन्ही टोकांच्या खाचांचा मिळून ०.२ ओहम रोध झाला, तरी २ अँपिअरला ०.४ व्होल्ट वाटेतच जातात. हे मॉड्यूल ब्रेडबोर्डवर ठेवूच नये असं आमचं स्पष्ट मत आहे.

त्याचे सिग्नल पाय २.८ व्होल्टचे आहेत. मॉड्यूलचा टीएक्स (पाठवणारा पाय) एटीमेगाच्या पायाला सरळ जोडला तर बहुधा वाचला जातो, पण एटीमेगाचा ५ व्होल्टचा टीएक्स मॉड्यूलच्या आरएक्सला (ऐकणाऱ्या पायाला) सरळ जोडू नका. मध्ये १० किलोओहम आणि ग्राउंडकडे १२ किलोओहम लावले की २.७ व्होल्ट मिळतात.

मॉड्यूलवरचा छोटा एलईडी पाहा. साधारण दर सेकंदाला लुकलुकत असेल तर नेटवर्क शोधतंय. दर ३ सेकंदांनी लुकलुकला की नोंदणी झाली. काही वेळा शोधत राहून एकदम थांबतो आणि पहिल्यापासून सुरू होतो. हा पुरवठ्याचा दोष, सिमचा नव्हे. यानंतर कमांड एकेक करून हाताने द्या, लगेच पूर्ण प्रोग्राम चढवू नका. नुसत्या "एटी"ला "ओके" आलं पाहिजे. काहीच आलं नाही तर टीएक्स-आरएक्स उलटे आहेत किंवा ग्राउंड एकत्र नाही. कचरा अक्षरं आली तर बॉड रेट जुळत नाही, दोन्हीकडे ९६०० ठेवा. मग सीएसक्यू, म्हणजे सिग्नलची ताकद, विचारा. उत्तर ० ते ३१ मध्ये येतं. १० च्या खाली असेल तर अँटेना बघा, ९९ म्हणजे सिग्नल कळलाच नाही. नोंदणी विचारणाऱ्या सीआरईजीला ०,१ किंवा रोमिंगमध्ये ०,५ यायला हवं. सीएमजीएफला १ दिल्यावर टेक्स्ट मोड लागतो, मग सीएमजीएसने नंबर द्यायचा, ">" हे चिन्ह येईपर्यंत थांबायचं, मजकूर पाठवायचा आणि शेवटी २६ हा अक्षरांक, म्हणजे कंट्रोल-झेड. तो विसरला की एसएमएस जात नाही आणि मॉड्यूल पुढच्या सगळ्या कमांड मजकूर समजून गिळत राहतं.

रिले

५ व्होल्टच्या छोट्या रिलेची कॉइल साधारण ७० ओहमची, म्हणजे करंट ७१ मिलिअँपिअर. एटीमेगाच्या एका पायाची कमाल मर्यादा ४० आणि सुरक्षित वापर २० मिलिअँपिअर. त्यामुळे मध्ये ट्रान्झिस्टर हवाच. बीसी५४७ आणि बेसला १ किलोओहम हे पुरतं. कॉइलवर १एन४००७ उलटा, म्हणजे त्याची पांढरी पट्टी असलेलं टोक पॉझिटिव्हकडे. हा डायोड सरळ लावला तर पुरवठा शॉर्ट होऊन ट्रान्झिस्टर जातो, लावलाच नाही तर कॉइल बंद होतानाच्या उलट्या व्होल्टेजने तोच ट्रान्झिस्टर काही दिवसांनी जातो.

तयार रिले बोर्ड घेतला तर बहुतेक वेळा तो लो सिग्नलवर चालू होणारा असतो. पायाला आउटपुट घोषित करताच तो लो जातो आणि बोर्ड सुरू होताना रिले एकदा टकटक करतो, पंप क्षणभर चालतो. सेटअपमध्ये आधी पायावर हाय लिहा, मग त्याला आउटपुट करा. एवढ्या क्रमाने ते थांबतं. या बोर्डावर दोन बाजू विजेने वेगळ्या ठेवणारा ऑप्टोकपलर असतो म्हणून रिपोर्टमध्ये "संपूर्ण आयसोलेशन" असं लिहिलं जातं. रिलेचा आणि सिग्नलचा पुरवठा जोडणारा जेडी-व्हीसीसीचा जंपर जागेवर असेल आणि दोन्ही बाजूंना एकच ५ व्होल्ट असेल, तर आयसोलेशन नाही. परीक्षक नेमका हाच प्रश्न विचारतात.

मेन्सवरचा पंप लावायचा हट्ट करू नका. डीसी पंपाने तत्त्व तितकंच सिद्ध होतं. गाईडने आग्रह धरलाच तर फ्यूज, बंद पेटी, अर्थिंग आणि मेन्सच्या ट्रॅकपासून बाकी सर्किटचं किमान ६ मिलिमीटर अंतर, आणि पहिल्यांदा चालू करताना समोर जाणकार माणूस. यात तडजोड नाही.

सेन्सर आणि कॅलिब्रेशन

दोन उघड्या पट्ट्यांचा रेझिस्टिव्ह सेन्सर स्वस्त असतो, पण त्यातून सतत डीसी वाहिला की इलेक्ट्रोलिसिसने एका पट्टीवरचा धातू निघून जातो आणि काही आठवड्यांत आकडा सरकतो. तोच वापरायचा असेल तर त्याचा पुरवठा मायक्रोकंट्रोलरच्या एका पायावरून द्या, मोजायच्या आधी चालू करा आणि मोजून झालं की बंद. कपॅसिटिव्ह सेन्सर बरा. त्यात ओलावा वाढला की आउटपुट व्होल्टेज कमी होतो. "सेन्सर उलटा चालतो" म्हणून तो बदलून आणणारे गट असतात, म्हणून हे सांगितलं. त्याच्या वरच्या टोकाला असलेले भाग आणि कापलेल्या कडा उघड्या असतात. तिथे पाणी शिरू नये म्हणून नेलपॉलिशचे दोन हात द्या आणि तो त्याच्यावर छापलेल्या रेषेच्या वर मातीत रोवू नका.

एडीसी १० बिटचा. ५ व्होल्टच्या संदर्भावर एक पायरी ४.८८ मिलिव्होल्टची. पण उनोवर हा संदर्भ म्हणजे पुरवठाच असतो, तो ४.७ झाला की माती न बदलता आकडा बदलतो. १६ वेळा वाचून सरासरी घ्या, आणि पंप चालू असताना वाचूच नका.

"कोरडी ६००, ओली ३००, मधलं मॅप फंक्शन" एवढ्यावर टक्केवारी दाखवू नका. ती कशाची टक्केवारी, या प्रश्नाला मग उत्तर नसतं. माती १०५ अंश सेल्सिअसच्या ओव्हनमध्ये २४ तास वाळवा. थंड झाल्यावर २०० ग्रॅमचे पाच भाग करा. एक कोरडाच ठेवा, बाकी चारांत २०, ४०, ६० आणि ८० मिलिलिटर पाणी नीट कालवा. हे झाले वजनाने १०, २०, ३० आणि ४० टक्के. चिकणमाती नसेल तर ४० टक्क्यांच्या नमुन्यात पाणी वर साचेल, तो बिंदू सोडून द्या. बाकीची माती सारख्याच आकाराच्या डब्यांत सारखीच दाबून भरा, सेन्सर सारख्याच खोलीवर रोवा, प्रत्येकी १० वाचनं घ्या आणि आलेख काढा. रेषा सरळ येणार नाही. ती तशीच द्या, ओढूनताणून सरळ करू नका. दोन दिवसांचं हे काम संपूर्ण रिपोर्टमधलं सर्वांत भक्कम पान ठरतं, आणि ते कुठूनही उतरवता येत नाही.

पंप चालू आणि बंद करायचे आकडे वेगळे ठेवा, उदाहरणार्थ १५ टक्क्यांखाली चालू, २२ च्या वर बंद. एकच आकडा ठेवला तर त्याच्या काठावर रिले तडतडत राहतो. आणि पाणी मातीत मुरायला वेळ लागतो. पंप २० सेकंद चालवा, १० मिनिटं थांबा, मग पुन्हा मोजा. नाहीतर सेन्सरला ओल कळेपर्यंत कुंडी वाहून जाते.

कोडमधल्या खऱ्या चुका

पुरवठा नीट झाल्यावर जे उरतं ते बहुधा चार जागी सापडतं. १० मिनिटं थांबायला डिले वापरला की त्या काळात ना बटण वाचलं जातं ना एसएमएस. मिलिस (बोर्ड सुरू झाल्यापासूनचे मिलिसेकंद) वापरून वेळेची वजाबाकी करा. ती अनसाइन्ड लाँगमध्ये केली तर सुमारे ४९.७ दिवसांनी मिलिसचा काटा शून्यावर आला तरी चुकत नाही. दुसरं, उनोवर इंट १६ बिटचा असतो. ६० गुणिले १००० लिहिलं की उत्तर ६०००० न येता उणे ५५३६ येतं. आकड्याला यूएल जोडा. तिसरं, चिपमध्ये रॅम फक्त २ केबी. कॅपिटल एसने लिहिलेला स्ट्रिंग हा प्रकार जोडत-तोडत गेलात की रॅमचे तुकडे पडतात आणि काही तासांनी बोर्ड गोठतो. कॅरेक्टर ॲरे वापरा, ठरलेले संदेश एफ मॅक्रोने फ्लॅशमध्ये ठेवा. चौथं, ईईप्रॉमची (वीज गेली तरी टिकणाऱ्या मेमरीची) एक जागा १ लाख वेळा लिहिण्यापुरती हमीची असते. दर सेकंदाला तिथे लिहिलंत तर ही हमी २८ तासांत संपते.

एलसीडीवर फक्त पहिल्या ओळीत काळे चौकोन दिसले, तर त्याला पुरवठा आहे पण प्रोग्रामने त्याला जागं केलेलं नाही. एलसीडीच्या पाठीवर आयटूसीचा छोटा बोर्ड असेल तर पत्ता ०एक्स२७ किंवा ०एक्स३एफ असतो, दुसरा टाकून पाहा. काहीच दिसत नसेल तर आधी कॉन्ट्रास्टचा पॉट फिरवा.

ब्रेडबोर्डवरून पीसीबीवर

एकेक भाग ब्रेडबोर्डवर वेगळा सिद्ध झाल्यावरच बोर्ड करायला घ्या, आणि बोर्डवरही एका दिवसात सगळं सोल्डर करू नका. आधी फक्त पुरवठा. आयसी बेस रिकामे ठेवून प्रत्येक बेसच्या पुरवठ्याच्या पायांवर ५ व्होल्ट मोजा, मग चिप बसवा.

टोनर ट्रान्सफरने बोर्ड करताना मिररचा गोंधळ ठरलेला. खालच्या कॉपर लेयरची प्रिंट मिरर न करता काढायची. तिच्यावर लिहिलेलं अक्षर कागदावर उलटं दिसलं तर तांब्यावर सुलट येतं. म्हणून त्या लेयरवर दोन-तीन अक्षरं मुद्दाम टाका. हाताने एच करायच्या (रसायनाने नको ते तांबं काढायच्या) बोर्डावर सिग्नलचा ट्रॅक ०.६ मिलिमीटरपेक्षा बारीक नको, पुरवठ्याचा २ मिलिमीटर ठेवा. फेरिक क्लोराइडचं द्रावण कोमट करून डिश सतत हलवत ठेवा, हातमोजे घाला, धातूचं भांडं वापरू नका. आयसी आणि रेझिस्टरला ०.८ मिलिमीटरचं ड्रिल, १एन४००७ आणि बर्ग स्ट्रिपला १.०, स्क्रू टर्मिनलला १.३. सोल्डर ६३/३७ चा असेल तर तो १८३ अंशांना वितळतो, आयर्न ३३० ते ३५० वर ठेवा. पाय आणि पॅड दोन्ही तापवून मग तार लावायची. आयर्नच्या टोकावर सोल्डर घेऊन पायाला पुसला की ड्राय सोल्डर होतो, आणि तो परीक्षेच्या टेबलावर बोर्ड हलवताना सुटतो.

तोंडी परीक्षा

तयार प्रोजेक्ट विकत आणलेला गट एका वाक्यात उघडा पडतो: "पंप बंद होण्याचा आकडा २२ ऐवजी २५ करून दाखवा." ज्याने स्वतः केलंय त्याला दोन मिनिटं लागतात. म्हणून मदत मागताना "करून द्या" असं म्हणू नका, आणि मदत करणाऱ्यांनीही सोल्डरिंग आयर्न विद्यार्थ्याच्या हातातून घेऊ नये. चौघांच्या गटात एकच जण सगळं करत असेल तर बाकी तिघांना निदान सप्लायचा हिशेब कागदावर मांडता यायलाच हवा. २२०० मायक्रोफॅरड का, ७८०५ ला हीटसिंक का, जीएसएमला वेगळा रेग्युलेटर का, ट्रान्झिस्टरच्या बेसला १ किलोओहम का, हे चार प्रश्न जवळपास नक्की येतात.

रिपोर्टमध्ये काय चाललं नाही तेही लिहा: कोणत्या दिवशी, कोणत्या पायावर किती व्होल्ट होते, काय बदललं आणि नंतर किती झाले. असा तक्ता असलेला रिपोर्ट परीक्षक थांबून वाचतात.

सादरीकरणाच्या आदल्या दिवशी सगळं सलग ४ तास चालवून ठेवा आणि दर अर्ध्या तासाने हीटसिंक, ५ व्होल्टची रेषा आणि सीएसक्यूचा आकडा लिहा. परीक्षेच्या खोलीत सिग्नल मिळतो का, हे त्याच सिमने तिथे जाऊन आधी पाहा. जाड भिंतींच्या प्रयोगशाळेत तो बऱ्याचदा मिळत नाही. मग एसएमएस खिडकीपाशी दाखवावा लागतो, त्यासाठी मेन्सची वायर तिथपर्यंत पोचेल इतकी लांब ठेवा. सोबत कोडची प्रत पेन ड्राइव्हवर, एक जादा रिले, एक जादा ७८०५, फ्यूज, मल्टिमीटर आणि कोरड्या व ओल्या मातीचे दोन डबे घ्या. ओला डबा झाकून न्या. उघडा राहिला तर सकाळी घातलेल्या पाण्याचा आकडा दुपारपर्यंत खाली आलेला असतो.